भावोजींची मुकी कलारनेटं

परमेश्वराने या जगात जेवढी म्हणून फुटकी, चिरलेली, गळकी आणि मुकी वाद्यं निर्माण केली, ती सगळी शेवटी माझ्या धाकट्या दिरांच्या हाती पडावीत एवढ्याचसाठी केली, असं माझं पक्कं मत आहे. माणसाला एखादा नाद असतो. कुणाला तपकिरीचा असतो, कुणाला सोंगट्यांचा, कुणाला दुसऱ्यांच्या सोयरिकी जुळवण्याचा. आमच्या भावोजींना नाद होता तो तोंडाने फुंकून वाजवायच्या लाकडी वाद्यांचा, आणि त्यातही न वाजणाऱ्या. नीट वाजणारं वाद्य समोर आलं की त्यांचा चेहरा पडायचा, वैद्याला ठणठणीत माणूस भेटल्यावर पडतो तसा. पण एखादं दोन तुकडे झालेलं, चाव्या लोंबणारं, आत कोळ्याने घर केलेलं कलारनेट दिसलं की डोळ्यांत पाणी यायचं त्यांच्या. ते हलक्या हाताने उचलायचे, एका डोळ्याने आत बघायचे, मग दुसऱ्या टोकाने बघायचे, आणि म्हणायचे, "जीव आहे अजून." अंगाने उंच आणि वाळलेले, पगडी नेहमी एका कानावर कललेली आणि दुसऱ्या कानामागे खोचलेला स्क्रू पिळायचा बारीक पेचकस. दरबारच्या कचेरीत ते कारकून होते. तिथे इतर कारकुनांच्या कानामागे बोरू असायचा. यांनी एकदा विचारांच्या तंद्रीत पेचकसच दौतीत बुडवून अर्धी ओळ लिहिली होती म्हणतात. आणि ती वाचताही आली होती, असं भावोजींचं म्हणणं.

आमचं घर धारला, देवीसागर तलावाच्या अलीकडच्या आळीत. माझं माहेर हाटपिपल्याचं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरी सासूबाई नव्हत्या, मामंजी नव्हते. होते ते दोघे भाऊ आणि एक गाय. थोरले माझे यजमान. त्यांचं नाव मी तेव्हाही घेत नव्हते, आता या वयात काय घेणार! मी त्यांना 'स्वारी' म्हणत असे, इथेही तसंच म्हणेन. स्वारीचा स्वभाव असा, की घरातली प्रत्येक वस्तू आपल्या जागी हवी आणि प्रत्येक वस्तूचा काहीतरी उपयोग हवा. अशा माणसाला भावोजींसारखा भाऊ मिळावा, यात देवाचा काय हेतू होता ते देव जाणे. पण आईबाप लवकर गेल्यामुळे स्वारीनेच धाकट्याला लहानाचं मोठं केलेलं, त्यामुळे रागावण्याचा हक्क होता आणि रागावून झाल्यावर पानात तूप जास्त वाढायला मला खुणावण्याची सवयही होती.

मी घरात नवीच होते, तेव्हाची गोष्ट. घरातला कंदील फुटला होता, म्हणून नवा आणायला भावोजींना महूला धाडलं. महूच्या छावणीतून एक पलटण हलणार होती आणि जाताना तिने आपलं मोडकंतोडकं सामान विकायला काढलं होतं. तिन्हीसांजेला भावोजी टांग्यातून उतरले ते खांद्यावर गोणपाटाची थैली घेऊन. मी थैलीत डोकावले. आत काळ्या काळ्या नळ्या. मला वाटलं, पाण्याच्या बंबासाठी जळण आणलं.

"कंदील कुठाय?" मी विचारलं.

"कंदील काय वहिनी, कुठेही मिळतो. ही कलारनेटं आहेत. पलटणीच्या बँडातली. कवडीमोलाने देत होते हो, कवडीमोलाने! फेकूनच देत होते म्हणा ना."

"मग फेकू द्यायची होती," स्वारी ओसरीवरून म्हणाली. "वाजतात का?"

"एकही नाही!" भावोजी असे आनंदाने म्हणाले की जणू त्यातल्या प्रत्येक नळीला मुलगा झाला होता.

त्या दिवशी आम्ही समईच्या उजेडात जेवलो, आणि पुढे बरेच दिवस जेवत राहिलो.

आता यातला खरा पेच निराळाच होता. ती वाद्यं गोऱ्या सोजिरांनी तोंडाला लावलेली. म्हणजे उष्टी, आणि वर विटाळाची. आमच्या घरात सोवळंओवळं कडक. मी सांगून टाकलं, की हे प्रकरण पडवीच्या आत यायचं नाही. भावोजींनी वाद घातला नाही, फक्त शंका विचारली: "वहिनी, फुंकर आतून बाहेर जाते. बाहेरची आत येत नाही. मग विटाळ चढेल कुठल्या वाटेने?" मी उत्तरादाखल त्या नळ्यांवर गोमूत्र शिंपडलं. दुसऱ्या दिवशी भावोजी अगदी कृतज्ञ चेहऱ्याने आले. "वहिनी, काल काय शिंपडलंत? सांध्यावरचं बूच फुगून असं घट्ट बसलंय! थोडं आणखी मिळेल?"

त्यानंतर आमची पडवी म्हणजे कलारनेटांचा दवाखानाच झाली. कचेरीतून आले की पगडी खुंटीला, पाय धुतले न धुतले की बैठक मांडलेली. एकेक चावी सोडवायची, एकेक भोक पिसाने साफ करायचं, नळीला आतून तिळाचं तेल पाजायचं. तेल प्यालेल्या नळ्या कपडे वाळत घालायच्या दोरीला टांगलेल्या असायच्या, आणि त्यांच्याखाली पाटावर बसलेल्या पाहुण्यांच्या डोक्यावरही अभिषेक व्हायचा. चाव्यांखाली बारीक गाद्या लागतात, त्या मऊ चामड्याच्या हव्यात. ते कातडं कुठून येई याची चौकशी मी केली नाही, ती दसऱ्याच्या दिवशी आपोआप झाली. दरबाराला जायला स्वारी नवा जोडा घालून निघाली आणि चौकापर्यंत जाऊन लंगडत परत आली. जोड्याच्या आतलं अस्तर नाहीसं झालं होतं. स्वारीने पडवीत पाहिलं, भावोजींनी हळूच एक कलारनेट मांडीखाली सरकवलं.

"दादा," ते म्हणाले, "जोडा पायात दिसतो तरी का? पण सूर साऱ्या गावाला ऐकू येतो."

सूर साऱ्या गावाला ऐकू येई हे मात्र अक्षरशः खरं होतं. दुरुस्त झालेलं कलारनेट पहिल्यांदा तोंडाला लागलं की जो आवाज निघायचा, तो ऐकून तलावावरची बगळ्यांची रांग उठायची. बदकाला उचकी लागावी तसा काहीतरी. आमचा गवळी मोठा सोशिक माणूस, पण एके दिवशी तोही चरवी आपटून आत आला. "बई, यो बाजो बंद करई दो! गाय डरी री हे, दूद चढ़ई गी!" गाय भिऊन दूध चोरत होती. मी भावोजींकडे पाहिलं. भावोजी गाईकडे गेले, तिच्या मानेवरून हात फिरवून तिला काहीतरी समजावलं, आणि येऊन मला म्हणाले, "तिला वरचा सूर आवडत नाही. खालचा चालेल." आणि खरोखर त्या दिवसापासून धार काढायच्या वेळी ते फक्त खालचे सूर तपासत. गाय पान्हवली की मला हाक मारून दाखवत.

गंमत अशी, की त्यांना स्वतःला वाजवता येत नव्हतं. सारेगम करत ते पंचमापर्यंत चढत आणि तिथे, सगळी भोकं नीट झाकली जातात एवढी खात्री पटली की, थांबत. मी एकदा म्हटलं, "अहो भावोजी, एखादी आरती तरी बसवा." त्यावर ते गोंधळून म्हणाले, "गाणं? ते वाजवणाऱ्याचं काम हो वहिनी. आपलं काम सुरापर्यंत." आणि मग बरं झालेलं वाद्य ते वाटून टाकत. कुणाला मागावं लागत नसे, नुसतं उभं राहिलं तरी पुरे. असं करत करत धारच्या न्हाव्याकडे एक कलारनेट झालं, देवळातल्या सनईवाल्याकडे एक झालं, महूच्या रस्त्यावरच्या एका टांगेवाल्याकडे एक झालं. टांगेवाला ते भोंग्यासारखं वापरायचा. वळणावर लांबून तो घोगरा आवाज आला की स्वारी कपाळाला हात लावायची आणि भावोजी कान टवकारून म्हणायचे, "तिसरी गादी सैल झाली वाटतं. बोलावलं पाहिजे त्याला."

स्वारीचा खरा आक्षेप आवाजाला नव्हता, हिशेबाला होता. "अरे, या रद्दी नळ्यांवर तू जेवढं तेल, कातडं, रेशीम आणि आयुष्य घालवतोस ना, तेवढ्यात नवं कोरं वाद्य येईल. मग याचा फायदा काय?" हा प्रश्न जेवताना निघायचा आणि पानं उचलेपर्यंत चालायचा. भावोजी भात कालवत शांतपणे म्हणायचे, "दादा, मागच्या साली तुला विषमज्वर झाला होता, तेव्हा वैद्यबुवांना कुणी विचारलं का, की याच्या औषधाच्या पैशात नवा दादा येईल का म्हणून?" स्वारीला ठसका लागायचा. मी पाणी द्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न.

कलारनेटाच्या तोंडाशी वेताची एक पातळ पत्ती बसवावी लागते. चांगली पत्ती विलायतेहून यायची, आणि ती भावोजींच्या आवाक्याबाहेर. म्हणून ते पत्ती करता येईल अशा बोरूच्या शोधात होते. एका सोमवती अमावास्येला आम्ही सगळी नर्मदेच्या स्नानाला निसरपुराकडे गेलो. मी घाटावर ओटी भरत होते आणि भावोजी कुठे दिसेनात. पाहते तो नदीच्या काठच्या बोरूच्या बेटात छातीएवढ्या पाण्यात उभे, डोळे मिटून एकेका काडीला टिचकी मारून ऐकताहेत. काठावरच्या बायका हात जोडून म्हणत होत्या, केवढी भक्ती! परतताना गाडी बोरूने अशी भरली होती की मी पाय पोटाशी घेऊन बसले आणि स्वारी धारपर्यंत निम्मी वाट गाडीमागून चालत आली. त्या भाऱ्यातून कामाच्या निघाल्या त्या जेमतेम मूठभर पत्त्या. उरलेल्याचं पुढे काय झालं, तर आमच्या वांग्यांच्या वाफ्याला सुंदर कुंपण झालं.

असल्या माणसाचं लग्न जमायचं कसं? उज्जैनचे पाहुणे दारातूनच परत गेले, कारण दोरीवरून त्यांच्या उपरण्यावर तेल ठिबकलं. इंदूरच्यांना आवाज पसंत पडला नाही. स्वारीने आशा सोडली होती, एवढ्यात देवासहून एक गृहस्थ आले. देवासला एकाच गावात दोन राज्यं. रस्त्याच्या या बाजूला थोरली पाती, त्या बाजूला धाकटी. हे गृहस्थ धाकट्या पातीच्या चाकरीतले, भारदस्त, पांढऱ्या मिशांचे, जरीच्या काठाचं उपरणं. नेमकी स्वारी बाहेर गेलेली. मी घाईने पाट मांडते आहे तो पडवीतून भावोजींचा आवाज: "बरे आलात! जरा इथे बोट ठेवा."

गृहस्थ इतके चकित झाले की त्यांनी बोट ठेवलं. भावोजींनी एक तुटका तुकडा सरसाने नुकताच जोडला होता आणि तो वाळेपर्यंत दाबून धरायला त्यांना तिसरा हात हवा होता. "आता सोडू नका हं. सोडलंत तर सगळं गेलं." झालं! मी फराळाची बशी घेऊन उभी; पण गृहस्थांचा उजवा हात गुंतलेला आणि डाव्या हाताने खायचं कसं? सरबत तसंच राहिलं. त्याच अवस्थेत गृहस्थांनी विचारायचं ते सगळं विचारलं, गोत्र, पत्रिका, नोकरी, आणि भावोजींनी त्यांचं मनगट धरून, डोळे सरसावर ठेवून, उत्तरं दिली. स्वारी परत आली तेव्हा भावी व्याही मांडी घालून एका कलारनेटावर वाकलेले होते आणि भावोजी त्यांना सांगत होते, "आपला हात मोठा स्थिर आहे. असा हात मी धारला पाहिला नाही."

मला वाटलं, हेही गेलं. पण निघताना ते गृहस्थ दाराशी थांबले. स्वारीला म्हणाले, "मुलगा विक्षिप्त आहे." स्वारीने मान खाली घातली. "पण दोन घटका माझा हात धरून बसला आणि एकदाही हुंड्याचं नाव काढलं नाही. आमची मुलगी द्यायला हरकत नाही."

लग्न वैशाखात देवासला ठरलं, गोरज मुहूर्तावर. माळव्यातला वैशाख म्हणजे काय ते ज्याने भोगलं त्याने भोगलं. आम्ही इंदुरावरून टांग्यांनी पोचलो तोवर पाणी पिऊन पिऊन पोटं जड झाली होती. जानवसघरी स्वारीने भावोजींच्या पिशवीची झडती घेतली, पेचकस काढून घेतला आणि बजावलं, "आज तू फक्त नवरदेव आहेस. समजलं?" भावोजींनी मान डोलावली. मुंडावळ्या बांधल्या, शेला घातला, घोड्यावर बसवलं. मला भरून आलं. इतका शहाणा माणूस मी त्यांच्यात पूर्वी पाहिला नव्हता.

मुलीकडच्यांनी वाजंत्री मोठ्या हौसेने आणली होती. कारण असं, की रस्त्याच्या पलीकडे, थोरल्या पातीत, त्याच मुहूर्तावर दुसरं लग्न होतं, आणि तिकडचा बँड आधीच दणदणत होता. आमच्या व्याह्यांचं म्हणणं एवढंच, की आपली वरात निदान तेवढी तरी गाजली पाहिजे. सारं गाव दोन्ही बाजूंनी बघत होतं. वरात निघाली. चार पावलं गेली असतील, तोच आमच्या बँडातलं मुख्य कलारनेट किंचाळलं, घरघरलं आणि बंद पडलं. बँडमास्तर घाम पुसत व्याह्यांकडे आला. "भिया, कलारनेट तो गई. धूप में लकड़ी फट गई. अब तो ढोलच बजेगा."

पलीकडून तिकडच्या बँडाची लकेर आली. लोक हसले. त्या भारदस्त माणसाचं तोंड एवढंसं झालेलं मी पाहिलं. आणि मग मी घोड्याकडे पाहिलं. घोड्यावर कुणी नव्हतं.

भावोजी एका वाण्याच्या दुकानाच्या ओट्यावर मांडी घालून बसले होते. मुंडावळ्या कानांमागे सारलेल्या, मांडीवर ते फुटलेलं कलारनेट. "जीव आहे अजून," ते बँडमास्तरला सांगत होते. "चीर लांब आहे, पण आरपार नाही."

"ऊठ!" स्वारी गरजली. सबंध आयुष्यात भर रस्त्यात तिचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला. "घोड्यावर बस, नाहीतर मी हा असाच धारला परत जातो!"

"दादा, एवढं बुजवलं की बसतो."

"गुरुजी खोळंबलेत! सूर्य बघ!"

"चिरेतून वारा जातोय, दादा. नुसतं मेण हवंय. शुद्ध मेण."

वाण्याकडे मेण नव्हतं. मांडवातून गुरुजी ओरडत होते, की मुहूर्त टळला तर जबाबदारी माझी नाही. आमच्या बाजूच्या बायका कुजबुजायला लागल्या, त्यांच्या बाजूच्या तर उघडच बोलायला लागल्या. मी भावोजींजवळ जाऊन हळूच म्हटलं, "भावोजी, लोक काय म्हणतील? तिकडे ती पोर बोहल्यापाशी बसलीय." त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता. "वहिनी," ते म्हणाले, "तिच्या वडिलांची मान खाली गेलीय. ती वर करता येण्यासारखी आहे, आणि मला ते जमतं. घोड्यावर कसा बसू?"

मी मांडवाकडे वळले. आणि तेवढ्यात मांडवातून नवरीची मावशी लगबगीने आली. तिच्या हातात चांदीची एक इवली डबी होती, कुंकवाखाली लावायच्या मेणाची. "मुलीने पाठवलंय," ती म्हणाली. "म्हणते, पुरलं नाही तर मागून घ्या, आणखी आहे."

भावोजींनी डबी उघडली, वास घेतला, बोटावर मेण चोळून पाहिलं, आणि आपल्या होणाऱ्या बायकोबद्दल आयुष्यातला पहिला उद्गार काढला: "काय सुरेख मेण!"

मग काय! चीर मेणाने भरली. वरून गुंडाळायला रेशीम हवं होतं, ते त्यांनी आपल्याच मुंडावळ्यांतून ओढलं. मी 'अहो अहो' म्हणेपर्यंत एका बाजूची मुंडावळी अर्धी झाली. फेऱ्यावर फेरे घालून दोरा आवळला, गाठ मारून टोक दातांनी तोडलं, आणि वाद्य बँडमास्तरच्या हाती दिलं. बँडमास्तरने भीत भीत फुंकलं. सूर आला. थोडा घोगरा, थोडा नाकातला; पण आला. बँडमास्तर "वा भिया, वा!" म्हणून नाचायचाच बाकी राहिला, आणि जो काही त्याने दणका उडवून दिला, की पलीकडच्या लग्नातली माणसं रस्त्याच्या कडेला येऊन आमच्या राज्यात माना घालून बघायला लागली. व्याह्यांनी मिशीवरून हात फिरवला. स्वारीने स्वतःच्या हाताने भावोजींना उचलून घोड्यावर टाकलं. रागाने टाकलं, पण टाकताना शेला सारखा केला.

मुहूर्त साधला, तो गुरुजींच्या जिभेने. मंगलाष्टकं त्यांनी डाकेच्या टांग्यासारखी हाकली. मी अंतरपाटाच्या अगदी जवळ उभी होते, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. बाहेर कलारनेट वाजतच होतं, आणि दर वेळी चाल एका खालच्या सुरावर आली की ते किंचित खोकत होतं. भावोजी हातात हार धरून, डोळे मिटून ऐकत होते. न राहवून पुटपुटले, "खालचा सूर गळतोय अजून." आणि अंतरपाटाच्या पलीकडून, जिथून त्या वेळी फार तर हुंदका ऐकू यायचा रिवाज, तिथून खुदकन हसू आलं. भावोजींनी डोळे उघडले. ते अंतरपाटाकडे असे बघत राहिले, की कलारनेट वाजतंय की बंद पडलंय याचंसुद्धा त्यांना भान उरलं नसावं.

धाकट्या जाऊबाई घरात आल्या त्या हसतच. संगीताचं वेड त्यांनाही नव्हतं. त्यांनी दोन नियम घातले: तेलाच्या नळ्यांखाली परात ठेवायची, आणि स्वारीच्या जोड्यांना हात लावायचा नाही. एवढ्यावर घरात शांतता नांदली. पण ती फार दिवस आमच्या वाट्याला नव्हती. देवासला व्याही एकटे पडले, त्यांना जाऊबाईंवाचून कुणी नव्हतं. भावोजींना तिकडेच कचेरीत जागा मिळाली, आणि एके सकाळी गाडीत कलारनेटांच्या थैल्या चढल्या. स्वारी मदत करत नुसती म्हणत होती, "सगळं ने. एकही ठेवू नकोस. पडवी मोकळी होईल."

पडवी मोकळी झाली. गाय वेळेवर दूध द्यायला लागली, दोरीवर कपडे वाळायला लागले, जोड्यांना अस्तर राहिलं. आणि दुपारी मला झोप येईना. स्वारीचं जेवण कमी झालं. जेवताना ती मधेच घास हातात धरून थांबायची, कुणाला तरी काहीतरी विचारायचं आहे असं आठवल्यासारखी, आणि मग विचारायला कुणी नाही म्हणून पुढे जेवायची.

दिवाळीच्या सुमारास स्वारी कामासाठी महूला गेली. आली ती उपरण्यात काहीतरी गुंडाळून. उघडलं, तर एक जुनी लाकडी बासरी, विलायती, चाव्यांची, पण अवस्था अशी की चुलीनेही नाकारावी. मी बघतच राहिले. "रस्त्यात पडली होती," स्वारी भिंतीकडे बघत म्हणाली. रस्त्यात पडलेल्या वस्तूला कुणी कागदाच्या घड्यांत बांधून देत नाही, एवढं मला कळत होतं.

भाऊबीजेला भावोजी आणि जाऊबाई आले. जेवणं झाल्यावर स्वारीने ती बासरी अशी काढून ठेवली, की जणू सहज हाती लागली. भावोजींनी उचलली. एका टोकाने पाहिलं, दुसऱ्या टोकाने पाहिलं. नखाने आतलं लाकूड खरवडून पाहिलं. मग ते अवघडून म्हणाले, "दादा, ही गेलेली आहे. आतून वाळवीने खाल्लीय."

"बघ तरी," स्वारी म्हणाली. "घाई काय आहे?"

भावोजींनी स्वारीकडे पाहिलं, आणि बासरी परत खाली ठेवली नाही. परतायचा बेत पुढे गेला, मग आणखी पुढे गेला. दोघे भाऊ पडवीत बसायचे. एक कोरायचा, एक तेलाची वाटी धरायचा. ती बासरी कधीच वाजली नाही. त्यानंतर दर वर्षी महूच्या रस्त्यात स्वारीला काही ना काही पडलेलं सापडत राहिलं.

स्वारीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. भावोजीही थकले. पगडीची टोपी झाली, हात थरथरतो. जाऊबाईंना घेऊन ते अजून वर्षातून एकदा धारला येतात, बरोबर एखादं कुठून तरी मिळवलेलं मोडकं वाद्य असतंच. पडवीत बसतात, सवडीने दुरुस्त करतात. पण अलीकडे कानांनी दगा दिलाय. वरचे सूर त्यांना मुळीच ऐकू येत नाहीत. फुंकून झालं की ते मला हाक मारतात. त्यांच्या आयुष्यात सुरांच्या बाबतीत माझ्याइतका कच्च्या कानाचा माणूस दुसरा नव्हता, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. तरी मलाच विचारतात.

"वहिनी, लागतोय का हो सूर?"

मी हातातलं काम बाजूला ठेवते, जवळ जाऊन बसते, आणि पुन्हा एकदा फुंकायला सांगते. मग म्हणते, "लागतोय." त्यांना नीट ऐकू गेलं नसेल म्हणून, जरा मोठ्याने, आणखी एकदा म्हणते.